थँक्सगिव्हिंग: तुमच्या घरी पूर्वी कसं व्हायचं, आता कसं होतं?

माळरान

नमस्कार मंडळी. शेजारच्या आजींमुळे हा धागा काढतेय. आम्ही ओहायोत राहतो, आजी ८७ वर्षांच्या आहेत, आजोबा जाऊन तीन वर्षं झाली, ओव्हनमधलं जड भांडं त्यांना एकटीला उचलवत नाही म्हणून दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग या आभार मानण्याच्या सणाला मी आणि नवरा मदतीला जातो. गेल्या रविवारी त्यांनी कपाटातनं पत्र्याचा एक डबा काढला, त्यात रेसिपीची हाताने लिहिलेली कार्डं, कोपरे मऊ पडलेले आणि जागोजागी लोण्याचे डाग. एका कार्डावर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं, सूपच्या डब्याचं लेबल कापून चिकटवलेलं होतं. ती ग्रीन बीन कॅसरोलची कृती. मी इतकी वर्षं समजून चालले होते की हा पदार्थ त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला असणार, आपल्याकडे दिवाळीला चकली तसा. तर आजी म्हणाल्या, माझ्या आईने हे कधी केलंच नाही, मी लग्नानंतर सुरू केलं.

घरी येऊन शोधलं तर खरंच की! १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी ही कृती बसवली, घरात हमखास असतील अशाच जिनसांतून म्हणजे बीन्स, मशरूमचं डब्यातलं सूप, थोडं दूध, सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा. म्हणजे जो पदार्थ नसला तर ताट अपुरं वाटतं तो सत्तर वर्षांचा आहे, आजींपेक्षाही लहान.

मग मी वाचतच सुटले. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांचं १६२१ चं ते जेवण आपण सगळे पहिला थँक्सगिव्हिंग म्हणून चित्रात बघतो, त्याबद्दल त्यावेळचं लिखाण अगदी थोडं आहे. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याने एका पत्रात लिहिलंय की चार माणसं पक्षी मारायला गेली, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट साधारण नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. त्या पत्रात टर्कीचं नाव सुद्धा नाही, पक्षी म्हणजे बदकं असतील हंस असतील टर्कीही असेल. बटाटे तिथे अजून पोचले नव्हते, पाय (pie) हा भाजलेला गोड पदार्थ करायला गव्हाचं पीठ नव्हतं. मेफ्लावर जहाजावरनं आलेल्या १०२ जणांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले होते, जे उरले त्यांचं हे जेवण.

आणि दर वर्षी सगळ्या देशाने एकाच दिवशी हा सण करायचा हे ठरलं त्यानंतर अडीचशे वर्षांनी आणि तेही एका बाईच्या चिकाटीमुळे! सेरा जोसेफा हेल, बायकांच्या मासिकाची संपादक, १८४६ पासून लेख लिहितेय, गव्हर्नरांना पत्रं पाठवतेय, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवतेय. शेवटी लिंकनने ऐकलं, ३ ऑक्टोबर १८६३ ला जाहीरनामा निघाला, यादवी युद्ध चालू, गेटिसबर्गची लढाई होऊन तीनच महिने झालेले. सतरा वर्षं ही बाई पाठपुरावा करत होती, मला तिचं फार कौतुक वाटलं.

मला तुमच्याकडनं ऐकायचंय. जे साठ-सत्तरच्या दशकात आले त्यांनी पहिला थँक्सगिव्हिंग कुठे केला? ऐंशी-नव्वदमध्ये घराघरांत काय व्हायचं? मला इथे येऊन बाराच वर्षं झालीत, त्यामुळे माझी पाटी कोरी आहे. तपशिलात लिहा प्लीज, काय शिजलं, कोण आलं, टेबलवर काय होतं.

कंदील

छान धागा. मी पुण्यात असतो, एक बेसिक प्रश्न. हा धार्मिक सण आहे का? आणि सुट्टी किती दिवस?

माळरान

@कंदील, मूळ देवाचे आभार मानण्याचंच आहे, जुने थँक्सगिव्हिंग म्हणजे चर्चमधली प्रार्थना असायची, पण आता सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही करतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. बहुतेकांना शुक्रवारही मिळतो म्हणजे सलग चार दिवस, इथे एरवी अशी सुट्टी फारशी मिळत नाही. म्हणून मुलंबाळं देशाच्या या टोकाहून त्या टोकाला आईवडिलांकडे जातात, बुधवारी विमानतळावर पाय ठेवायला जागा नसते.

आयोवाचे काका

माळरान, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचत असतो.

मी १९६८ च्या ऑगस्टमध्ये आयोवात शिकायला आलो. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा नुकताच झालेला, हळूहळू आपली माणसं यायला लागली होती पण आमच्या गावात मराठी बोलणारा मी सोडून दुसरा एकच. नोव्हेंबरच्या शेवटी डॉर्मच्या नोटीस बोर्डावर कागद लागला की बुधवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत मेस बंद. माझ्याकडे ना गाडी ना स्वयंपाकाची सोय, गावातली दुकानं गुरुवारी बंद. मी पाव आणि पीनट बटर आणून ठेवलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी बोलावून विचारलं, होस्ट फॅमिलीकडे जाशील का. मला होस्ट फॅमिली म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, हो म्हणालो.

गुरुवारी सकाळी दहाला एक शेतकरी गृहस्थ पिकअप घेऊन डॉर्मच्या दाराशी हजर. तासभर अंतर, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, त्यावर हिमाचा पातळ थर. घरात चौदा-पंधरा माणसं होती. त्यांच्या पत्नीला ऑफिसने सांगितलं होतं की हा मुलगा मांस खात नाही. आता बघा, १९६८ साल, आयोवाचं खेडं, डुकरं आणि मका याच्यावर गाव चालतं. त्या बाईंनी स्टफिंग, म्हणजे पावाचं सारण, टर्कीच्या पोटात भरायच्या आधी थोडं बाजूला काढलं, टर्कीच्या रसाऐवजी लोणी आणि पाणी घातलं, सेलरी कांदा सेज घालून छोट्या काचेच्या भांड्यात वेगळं भाजलं, आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणाला ते वाढलं नाही. मी घर सोडून तीन महिने झाले होते आणि तेव्हा पहिल्यांदा माझा घसा दाटून आला.

बाकी कुस्करलेले बटाटे होते, मका होता, घरचे गरम रोल, आणि क्रॅनबेरीची जेली डब्यातून जशीच्या तशी ताटलीत आडवी काढलेली, डब्याच्या कड्यांच्या गोल खुणा तिच्यावर स्पष्ट. सुरीने त्या खुणांवरच काप करायचे. जेवणाआधी टेबलाभोवती एकेकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मला इंग्रजीत काही सुचेना, मी आमच्या घरी पंगतीत म्हणायचे तो श्लोक म्हटला. सगळे माना खाली घालून ऐकत होते. यजमानांच्या ऐंशीच्या घरातल्या आईंनी विचारलं याचा अर्थ काय. मी म्हटलं, अन्न खाताना देवाचं नाव घ्या, अन्न हेच देव आहे. त्या म्हणाल्या, मग आपलं सारखंच आहे.

पुढे १९७५ मध्ये लग्न होऊन घर केलं. तेव्हापासून आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला चार-सहा विद्यार्थी असायचेच. त्या बाईंना दर नोव्हेंबरात पत्र लिहायचो, त्या १९९४ ला गेल्या, आता त्यांच्या मुलीला लिहितो.

सुपारीएवढी

काका, वाचता वाचता डोळे भरून आले. ते वेगळं काढून ठेवलेलं स्टफिंग मी विसरणार नाही.

लेकबाजारी

आमची पिढी ऐंशीच्या दशकातली, मी १९८३ ला लग्न होऊन न्यू जर्सीत आले. तेव्हा दिवाळीला सुट्टी नाही, गणपतीला नाही, आणि दिवाळी होऊन गेलेली असायची महिनाभर आधी, ती अशीच ऑफिसच्या आठवड्यात उरकलेली. त्यामुळे आमच्यासाठी थँक्सगिव्हिंग हीच दिवाळी झाली. पेनसिल्व्हेनियातनं दीर-जाऊ, मेरीलँडमधनं नणंद, सगळ्यांची मुलं, तीन बेडरूमच्या घरात एकोणीस माणसं, हॉलमध्ये गाद्या. चार दिवस पत्ते, गप्पा, आणि चहा तर सतत गॅसवर. टर्की पहिली दोन वर्षं मुलांच्या हट्टाखातर केली, दही आलं लसूण लावून रात्रभर मुरवून. मग लक्षात आलं की कोणी मनापासून खात नाही, मुलांना फक्त शाळेत सांगायला हवी होती, तेव्हापासून बिर्याणी आणि शाकाहारी लोकांना छोले. पण आमच्याकडे दोन गोष्टी अमेरिकेतल्याच आणि तरीही पूर्ण आपल्या आहेत, त्या सांगते.

एक क्रॅनबेरीचं लोणचं. इथे कैरी मिळायची नाही, मिळाली तर दगडासारखी. एका ओळखीच्या काकूंनी क्रॅनबेरीची पिशवी हातात ठेवली आणि म्हणाल्या हिला कैरी समज. ३४० ग्रॅमची पिशवी असते, ऑक्टोबर ते डिसेंबर मिळते मग गायब, म्हणून मी चार-पाच पिशव्या फ्रीझरमध्ये टाकते. धुऊन कपड्यावर अगदी कोरड्या करायच्या, पाण्याचा थेंब राहता कामा नये. प्रत्येक क्रॅनबेरी मधोमध कापायची, हे किचकट आहे पण मिक्सरला लावू नका, लगदा होतो. तीन चमचे मीठ, तीन चमचे तिखट, हळद, दोन चमचे मोहरीची डाळ, अर्धा चमचा तळून कुटलेली मेथी, सढळ हिंग, आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ कारण क्रॅनबेरी आंबट तर असतेच पण मागून थोडी कडू लागते. फोडणी पूर्ण गार करून घाला. गरम घातलीत तर फळं फुटतात आणि सगळं जेलीसारखं घट्ट होतं, क्रॅनबेरीत मुळातच पेक्टिन भरपूर. दोन दिवसांनी रंग असा येतो की बरणीकडे बघत राहावं. फ्रीजमध्येच ठेवा, तेल कमी असतं म्हणून बाहेर टिकत नाही.

दुसरं भोपळ्याचे घारगे. पंपकिनचा ४२५ ग्रॅमचा डबा आणायचा. लेबल नीट वाचा, नुसता पंपकिन हवा, पाय फिलिंग लिहिलेला नको, त्यात साखर आणि दालचिनी लवंग आधीच असते, माझा एकदा पूर्ण घाणा त्यामुळे वाया गेलाय. डब्यातल्या गराला पाणी खूप असतं म्हणून गुळाबरोबर कढईत आटवून घ्या, कडा सुटायला लागल्या की उतरवा, मग त्यात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाची पिठी. बाकी आपले नेहमीसारखे. माझ्या मुली आता ३८ आणि ३५ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या घरी पंपकिन पाय नाही होत, घारगे होतात.

माळरान

लेकबाजारी ताई, लोणचं उद्याच करते. क्रॅनबेरीवरनं आठवलं, आजींनी सांगितलं की त्यांच्या लग्नाच्या वर्षी, १९५९ ला, त्यांनी टेबलवर क्रॅनबेरी ठेवलीच नाही. थँक्सगिव्हिंगच्या दोनएक आठवडे आधी सरकारच्या आरोग्यमंत्र्यांनी, आर्थर फ्लेमिंग त्यांचं नाव, जाहीर केलं होतं की काही क्रॅनबेरीत तणनाशक सापडलंय. दुकानांनी डबे उचलून ठेवले, व्हाइट हाऊसमध्ये सुद्धा त्या वर्षी ॲपल सॉस वाढला. नवीन सून, सासर पहिल्यांदा जेवायला येणार आणि क्रॅनबेरी नाही, आजी म्हणाल्या मी रडले होते. सासूबाईंनी घरचे पीचचे काप आणून दिले.

बोगद्यापलीकडे

आमच्या घरी या दिवसाची सुरुवात परेडने होते, सकाळी टीव्ही लागलाच पाहिजे, बायको घारगे नाही पण मेथीचे पराठे लाटत असते आणि मुलं पराठे खात फुगे बघतात. न्यू यॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाची ही परेड १९२४ ला सुरू झाली, तेव्हा फुगे नव्हते, सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले खरे प्राणी चालवत नेले होते. १९२७ पासून मोठे फुगे आले आणि मग काही वर्षं परेड संपली की फुगे चक्क आकाशात सोडून द्यायचे, जो परत आणून देईल त्याला बक्षीस. युद्धाच्या काळात १९४२ ते ४४ परेड झालीच नाही, रबर आणि हेलियम दोन्ही सैन्याला हवे होते, फुग्यांचं रबर देऊन टाकलं.

१९६३ चं मला सगळ्यात चटका लावून जातं. १९ नोव्हेंबरला केनेडींसमोर टर्की आणली होती, गळ्यात पाटी, त्यांनी सांगितलं राहू दे हिला, जगू दे. तीन दिवसांनी डॅलसला त्यांची हत्या झाली. आणि पुढच्या गुरुवारी, म्हणजे सहाच दिवसांनी, परेड तरीही निघाली. ज्यांनी त्या सकाळी मुलांना घेऊन रस्त्यावर उभं राहून ती बघितली त्यांच्या मनात काय असेल याचा मी दरवर्षी विचार करतो. टर्कीला माफी देण्याचा आत्ताचा रीतसर कार्यक्रम १९८९ ला थोरल्या बुशपासून सुरू झाला, पण मला ती केनेडींचीच टर्की आठवते.

जे न्यू यॉर्कच्या आसपास राहतात त्यांना सांगेन की गुरुवारच्या गर्दीत लहान मुलांना नेण्यापेक्षा बुधवारी दुपारी नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या बाजूच्या रस्त्यांवर जा. तिथे फुग्यांत हवा भरत असतात. जमिनीवर जाळ्याखाली पडलेलं ते अवाढव्य कापड हळूहळू उठायला लागतं, आधी पाठ, मग एक कान, मग डोकं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, कुजबुजत म्हणाला, बाबा तो जागा होतोय.

रोजचाच पाऊस

अमेरिकन फुटबॉलचं राहिलं. डेट्रॉइट लायन्स १९३४ पासून दर थँक्सगिव्हिंगला घरच्या मैदानावर खेळतात, फक्त युद्धाच्या वर्षांत खंड पडला. डॅलस १९६६ पासून. २००६ पासून रात्रीची तिसरी मॅच. आमचे सासरे इथे आले की जेवणानंतर सोफ्यावर बसून पूर्ण मॅच बघतात, नियम त्यांना नातवाने शिकवले, आता दोघं मिळून पंचाशी भांडतात.

टोरांटोकर

कॅनडातलं वेगळं असतं हे नोंदवतो. इथे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, १९५७ ला ठरलेला. कापणी इकडे लवकर होते आणि नोव्हेंबरात थंडी कडक. टर्की, भोपळा वगैरे तेच पण गर्दी गडबड कमी.

समुद्रकाठ

सगळ्यांच्या आठवणी सुंदर आहेत, माझ्याही आहेत. पण माळरान, तू १६२१ पासून सुरुवात केलीस म्हणून मला पुढचं लिहावंसं वाटतं. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, प्लिमथ आमच्यापासून पाऊण तास.

तिथे बंदराच्या समोर कोल्स हिल नावाची छोटी टेकडी आहे, तिच्यावर मॅसासॉइटचा पुतळा आहे. १९७० ला पिलग्रिम लोकांच्या, म्हणजे मेफ्लावरवरनं आलेल्यांच्या, आगमनाला ३५० वर्षं झाली म्हणून राज्याने मोठी मेजवानी ठेवली आणि वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना भाषणाला बोलावलं. भाषण आधी वाचायला मागितलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की आमच्या लोकांच्या थडग्यांतून वस्तू चोरल्या, धान्य चोरलं, जमिनी गेल्या. आयोजकांनी सांगितलं हे नको, आम्ही दुसरं लिहून देतो. त्यांनी नकार दिला. आणि त्या थँक्सगिव्हिंगला ते आणि त्यांच्याबरोबरचे लोक त्या पुतळ्याशी जमले. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी तिथे राष्ट्रीय शोकदिन पाळतात, अनेक जण उपास करतात.

आपण ती मैत्रीची कथा ऐकतो तिच्या आधी काय होतं तेही बघायला हवं. १६१६ ते १६१९ या काळात युरोपातल्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी झाली होती. प्लिमथ वसलं ते पटक्सेट नावाच्या अशाच ओस गावाच्या जागेवर. टिस्क्वांटम, ज्याला शाळेत स्क्वांटो म्हणतात, तो त्याच गावचा, त्याला १६१४ मध्ये पळवून नेऊन स्पेनला विकायला नेलं होतं, तो परत आला तर आपलं म्हणावं असं एक माणूस गावात उरलं नव्हतं. त्याच माणसाने नवीन आलेल्यांना मका पेरायला शिकवला. आणि मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ ला वसाहतवाल्यांशी लढताना मारला गेला, त्याचं डोकं त्याच प्लिमथमध्ये खांबावर वर्षानुवर्षं लावून ठेवलं होतं. वडील ज्यांच्याबरोबर जेवले त्यांच्याच गावात. मी गेल्या सहा वर्षांपासून सकाळी मुलांना घेऊन त्या टेकडीवर जाते, मागे उभं राहून ऐकतो, आणि मग घरी येऊन जेवतो. मुलं विचारतात मग आपण का साजरा करतो. मी सांगते की पीक घरात आल्याचे आभार मानणं आपल्याकडेही आहे, वाम्पानोआग लोकांकडेही फार आधीपासून होतं, ते मी सोडणार नाही, पण खोटी गोष्ट सांगून करणार नाही.

बोगद्यापलीकडे

समुद्रकाठ, मुलं लहान आहेत, त्यांना एवढं सगळं आत्ताच सांगायची गरज आहे का असं मला वाटून गेलं. सण आहे, आनंदाने करू दे की.

समुद्रकाठ

तुमचं म्हणणं कळतं. पण शाळेत माझ्या मुलीला कागदाची पिसं लावून नाचवलं होतं आणि तिच्या वर्गात एक मुलगी खरोखर त्या समाजातली होती. ती बाकावर बसून राहिली होती. माझ्या मुलीने घरी येऊन विचारलं ती का नाही नाचली. तेव्हा मला उत्तर द्यावंच लागलं. तिचं वय सात होतं.

बोगद्यापलीकडे

हे वाचून बराच वेळ विचार केला. तुमचं बरोबर आहे. या वर्षी मुलाशी बोलेन.

आयोवाचे काका

समुद्रकाठ ताई, आभार. पंचावन्न वर्षांहून जास्त इथे राहून टिस्क्वांटमची ही बाजू मला माहीत नव्हती.

तिकीटघर

मी २०११ ला मास्टर्सला आलो, आमच्या पिढीचा थँक्सगिव्हिंग म्हणजे ब्लॅक फ्रायडे, दुसऱ्या दिवशीचा सवलतींचा सेल, हे खरंय. हे नाव मुळात फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी ५०-६० च्या दशकात पाडलं, दुसऱ्या दिवशी शहरात इतकी गर्दी आणि ट्रॅफिक व्हायचा की त्यांना रजा मिळायची नाही. पहिल्या वर्षी मी रूममेट्सबरोबर रांगेत होतो, लॅपटॉप हवा होता, रात्रभर उणे तापमानात, आळीपाळीने गाडीत बसून पाय गरम करायचो. त्यात मजा होती हे कबूल. पण दुसऱ्या वर्षी मी एका मोठ्या दुकानात पार्टटाइम कामाला होतो, कुठल्या ते नको. त्यांनी शुक्रवारची वाट न बघता गुरुवारी संध्याकाळीच दारं उघडली. माझ्याबरोबर काउंटरवर साठीच्या एक बाई होत्या, त्यांची मुलगी टेक्सासहून आली होती. दुपारी तीनला जेवण अर्धवट टाकून त्या शिफ्टला आल्या. ब्रेकमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेला पायचा तुकडा काढून त्यांनी अर्धा मला दिला. त्या रात्रीनंतर मी गुरुवारी कधीही काही विकत घेतलेलं नाही. २०२० नंतर बऱ्याच मोठ्या दुकानांनी गुरुवारी बंद ठेवायला सुरुवात केली याचा मला मनापासून आनंद आहे.

माळरान

तिकीटघर, खरेदीसाठी सणाशी खेळ करणं जुनंच आहे. १९३९ ला नोव्हेंबरात पाच गुरुवार होते, तेव्हा सण शेवटच्या गुरुवारी असायचा, तो ३० ला येत होता, व्यापारी म्हणाले ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतात, मंदीचा काळ, म्हणून रूझवेल्टने सण एक आठवडा आधी आणला. देश दुभंगला! निम्म्या राज्यांनी २३ ला केला, निम्म्यांनी ३० ला, टेक्सास धरून तीन राज्यांत दोन्ही दिवस सुट्टी. लोकांनी फ्रँकलिन नावावरनं त्याला फ्रँक्सगिव्हिंग म्हणायला सुरुवात केली. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या घरांत मुलाला एका गुरुवारी सुट्टी आणि वडिलांना दुसऱ्या. शेवटी डिसेंबर १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला, तोवर पर्ल हार्बर होऊन गेलं होतं.

सुपारीएवढी

२०२० चं कोणी लिहिलं नाही. त्या दिवसापुरती झूमने चाळीस मिनिटांची मर्यादा काढून टाकली होती. आम्ही तीन बहिणी तीन राज्यांत आणि आई सांगलीत, तिच्याकडे मध्यरात्र. आईने आमच्याबरोबर जेवायचं म्हणून रात्री बाराला ताट वाढून घेतलं, पिठलं भाकरी. चौघी जेवलो, फार काही बोललो नाही, भांड्यांचे आवाज ऐकत बसलो. बाबा त्याच सप्टेंबरात गेले होते आणि आमच्यापैकी कोणालाच जाता आलं नव्हतं.

लेकबाजारी

सुपारी, जवळ ये गं.

नवखा_कोलंबस

नमस्कार, मी या ऑगस्टमध्ये कोलंबसला आलोय, हा धागा दोनदा वाचला. काकांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचंही डायनिंग हॉल बुधवारपासून बंद आहे, रूममेट्स शिकागोला चाललेत, माझं तिकिटाचं बजेट नाही. इंडक्शन आणलाय त्यामुळे खिचडी होईल, तशी काळजी नाही. फक्त विचारायचं होतं की त्या दिवशी गावात काही उघडं असतं का, बस चालते का.

आयोवाचे काका

बस सुट्टीच्या वेळापत्रकाने, म्हणजे फार कमी. माळरान, तुम्ही ओहायोत ना?

माळरान

हो काका, तेच लिहायला आले. @नवखा_कोलंबस, आम्ही तुझ्यापासून पस्तीस मिनिटांवर आहोत. गुरुवारी सकाळी साडेदहाला नवरा तुला घ्यायला येईल, पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठव. जेवण शेजारच्या आजींकडे आहे, त्यांना आत्ताच फोन करून सांगितलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की मुलगा मांस खातो का.

नवखा_कोलंबस

व्यनि केला ताई. शाकाहारी आहे, अंडं चालतं. येताना काय आणू?

माळरान

दोन रिकामे डबे आण झाकणाचे, उरलेलं न्यायला. आणि आजींना सांगितलंय की स्टफिंग थोडं आधी बाजूला काढा.